इंग्लंडमधील उमराव घराण्याची वंशावळ कशी शोधावी

मुंबईच्या इतिहासात एल्फिन्स्टन हे नाव दोनदा येते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते आणि एल्फिन्स्टन कॉलेजला त्यांचे नाव आहे. १८५३ ते १८६० या काळातले गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन हे त्यांचे पुतणे; आजच्या प्रभादेवी रेल्वे स्थानकाचे जुने नाव या पुतण्यावरून पडलेले होते. दोघांची सरमिसळ सहज होते, आणि माउंटस्टुअर्ट यांच्या नावाआधी ‘लॉर्ड’ लिहिण्याची चूक माझ्याही हातून झालेली आहे. ते अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे चौथे पुत्र होते. वडिलांचा किताब थोरल्या भावाकडे गेला, त्याच्याकडून त्याच्या मुलाकडे आला, आणि माउंटस्टुअर्ट यांच्या वाट्याला लॉर्डच्या मुलाची ‘ऑनरेबल’ ही उपाधी तेवढी राहिली. हे घराणे स्कॉटलंडचे. पण इंग्लंडमधल्या उमराव घराण्यांची वंशावळ शोधणाऱ्याला जी अडचण पहिल्याच दिवशी भेटते, ती या काका-पुतण्यांच्या नावांत पूर्ण दिसते.

आपल्याकडे कुलवृत्तान्त तयार करताना आपण आडनाव, गाव आणि गोत्र धरून चालतो, आणि वतनाच्या वाटण्या सर्व भावांत होत असल्यामुळे थोरल्या पातीबरोबर धाकट्या पातीचीही नोंद कुठे ना कुठे सापडते. इंग्लंडमध्ये किताब आणि त्याबरोबरची जमीन बहुतेक वेळा एकट्या थोरल्या मुलाकडे जाते. धाकटे मुलगे सैन्यात, चर्चमध्ये, वकिलीत किंवा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरतात आणि त्यांची नातवंडे सामान्य प्रजेत मिसळून जातात. म्हणून तिथे किताब, आडनाव आणि रक्त हे तीन धागे वेगवेगळे धरावे लागतात. एका वहीत तीन रकाने आखून प्रत्येक व्यक्तीसमोर तिन्हींची स्वतंत्र नोंद करावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे, कारण पुढे दिसणाऱ्या बहुतेक चुका यांपैकी दोन धागे एकच समजल्यामुळे होतात.

किताब कोणत्या नियमाने उतरतो

वंशानुगत उमरावपदाच्या पाच पायऱ्या आहेत: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. त्यांच्या खाली बॅरोनेट येतो. हे पद राजा पहिला जेम्स याने १६११ साली सुरू केले. ते वंशपरंपरेने चालते, पण बॅरोनेट उमराव गणला जात नाही आणि त्या पदामुळे त्याला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जागा कधीच नव्हती. नाइट हा सन्मान त्या व्यक्तीपुरता असतो. १९५८ च्या कायद्यानंतर नेमले गेलेले ‘लाइफ पीअर’ हेही तहहयात असतात, त्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एखाद्या लॉर्डच्या मुलाला तो किताब मिळाला असेल असे गृहीत धरू नये. शिवाय पद कोणत्या राज्याचे आहे तेही पाहावे लागते. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांच्या उमरावपदांच्या याद्या वेगळ्या आहेत, १७०७ नंतरची नवी पदे ग्रेट ब्रिटनची आणि १८०१ पासूनची युनायटेड किंगडमची. वर उल्लेखिलेल्या गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांना १८५९ साली युनायटेड किंगडमचे बॅरनपदही मिळाले होते. १८६० साली त्यांच्या मृत्यूबरोबर ते नवे पद संपले आणि स्कॉटलंडचे जुने पद मात्र चुलत घराकडे गेले. एका माणसाच्या मृत्यूने एक किताब संपतो आणि दुसरा चालू राहतो, हे ज्याला माहीत नाही त्याचा इथे घोटाळा होणारच.

पद कसे निर्माण झाले यावर त्याचा वारसा ठरतो. बहुतेक पदे राजाच्या सनदेने निर्माण झाली आणि त्या सनदेत वारस कोण हे लिहिलेले असते; नेहमीचे शब्द ‘औरस पुरुष वारस’ या अर्थाचे असतात, म्हणजे मुलगा, मुलाचा मुलगा, आणि ती शाखा खुंटली तर मूळ धारकाच्याच वंशातली पुढची पुरुष शाखा. मध्ययुगातली काही जुनी बॅरनपदे मात्र संसदेला हजर राहण्याच्या राजाज्ञेमुळे निर्माण झाल्याचे मानले जाते आणि ती मुलींकडेही जातात. अशा पदाच्या धारकाला मुलगा नसून दोन किंवा अधिक मुली असतील, तर त्यांत थोरली-धाकटी असा भेद धरत नाहीत. सगळ्या सारख्याच वारस ठरतात आणि पद कोणालाही न मिळता अधांतरी राहते, ते कधीकधी शतकानुशतके. राजाने एकीच्या बाजूने निर्णय दिला किंवा बाकीच्या शाखा खुंटल्या, तरच ते पुन्हा चालू होते. मुलींच्या मुली आणि त्यांचे वंशज शोधण्याचे इंग्रज वंशावळकारांचे कौशल्य या नियमामुळे वाढले.

अनौरस मुलाला किताब मिळत नाही, आणि दत्तक मुलालाही मिळत नाही. हा दुसरा भाग मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा, कारण आपल्याकडे दत्तकाने घराणे चालते. लॉर्ड डलहौसी यांनी औरस वारस नसल्याच्या कारणावरून १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा केले. १८४९ साली त्यांना स्वतःला मार्क्विसचे पद मिळाले. १८६० साली ते वारले तेव्हा मागे दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. मार्क्विसपद तिथेच संपले. घराण्याचे जुने अर्लपद मात्र चुलत भावाला मिळाले, कारण तो आधीच्या अर्लचा पुरुष वंशज होता. वारसाचा शोध मृत माणसापासून खाली न घेता त्या पदाच्या पहिल्या धारकापासून घ्यायचा असतो, हे यावरून स्पष्ट होते.

नावे कशी वाचावीत

ड्यूक ऑफ डेव्हनशर यांचे आडनाव कॅव्हेंडिश आहे आणि त्यांचे निवासस्थान चॅट्सवर्थ डर्बीशर परगण्यात आहे, त्यामुळे किताबातल्या प्रदेशाच्या नावावरून घराण्याचे गाव किंवा दप्तर शोधायला जाऊ नये. ड्यूक, मार्क्विस आणि अर्ल यांच्या थोरल्या मुलाला बापाच्या दुय्यम किताबांपैकी एक सौजन्याने वापरता येतो. डेव्हनशरचा वारस मार्क्विस ऑफ हार्टिंग्टन म्हणवतो, पण कायद्याने तो सामान्य प्रजाजनच असतो. १८८० ते १८८२ या काळात भारतमंत्री असलेले लॉर्ड हार्टिंग्टन हाउस ऑफ कॉमन्सचे सदस्य होते, ते याच कारणाने. पुढे वडिलांच्या मागे ते आठवे ड्यूक झाले आणि कागदपत्रांतले त्यांचे नाव त्या दिवसापासून बदलले.

एकाच आयुष्यात नाव किती वेळा बदलू शकते याचे चांगले उदाहरण मार्लबरोच्या नवव्या ड्यूकचे आहे. १८७१ साली त्यांचा जन्म झाला तेव्हा आजोबा ड्यूक होते, म्हणून नातू अर्ल ऑफ संडरलंड म्हणवला जाऊ लागला. १८८३ साली आजोबा वारल्यावर तो मार्क्विस ऑफ ब्लँडफर्ड झाला आणि १८९२ साली वडील वारल्यावर ड्यूक. एकवीस वर्षांत तीन नावे, आणि तिन्ही नावे त्याच्या आधी इतर नातेवाइकांनी वापरलेली. म्हणून ‘लॉर्ड ब्लँडफर्ड’ असा उल्लेख पत्रात सापडला की आधी पत्राची तारीख पाहावी आणि त्या दिवशी ते नाव कोणाचे होते हे ठरवावे. माझ्या टिपणवहीत प्रत्येक किताबासाठी एक पान असते आणि त्यावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो कोणाकडे होता एवढेच लिहिलेले असते. हे पान तयार करायला एक संध्याकाळ जाते, पण त्यानंतरच्या वर्षभरातल्या चुका वाचतात.

स्त्रियांच्या नावांत नियम आणखी बारीक आहेत. ड्यूक, मार्क्विस किंवा अर्लच्या मुलीच्या स्वतःच्या नावाआधी ‘लेडी’ लागते. डायना स्पेन्सर १९७५ साली वडील अर्ल झाल्यावर लेडी डायना झाल्या. त्याआधी त्या ‘ऑनरेबल’ होत्या. ड्यूकच्या धाकट्या मुलाच्या पत्नीला मात्र नवऱ्याचे नाव मिळते: विन्स्टन चर्चिल यांची आई जेनी जेरोम ही न्यूयॉर्कची, ती लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल यांच्याशी लग्न झाल्यावर ‘लेडी रँडॉल्फ’ झाली. म्हणजे ‘लेडी’ शब्दामागे बाईचे नाव आहे की पुरुषाचे, यावरून ती त्या घरची लेक आहे की सून हे कळते. बॅरोनेट किंवा नाइटच्या पत्नीच्या बाबतीत ‘लेडी’ पुढे नुसते आडनाव येते, आणि अशा वेळी तिचे माहेर शोधण्यासाठी विवाहाची नोंद काढण्याला पर्याय नसतो.

आडनावही स्थिर नसते. मामाची, मेहुण्याची किंवा दूरच्या नातेवाइकाची इस्टेट मिळाली की ‘आमचे नाव घ्यावे’ अशी अट मृत्युपत्रात असे आणि ती पाळली जाई. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनजवळ असईच्या रणांगणावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि भोसले यांच्या फौजांशी लढलेले आर्थर वेलस्ली, पुढचे ड्यूक ऑफ वेलिंग्टन, हे आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या इंग्रज घराण्यातले. त्यांचे आजोबा रिचर्ड जन्माने कॉली होते. १७२८ साली वेस्ली नावाच्या नातेवाइकाची मालमत्ता मिळाली तेव्हा त्यांनी ते आडनाव घेतले, आणि ‘वेलस्ली’ हे रूप घराण्याने १७९८ च्या सुमारास स्वीकारले. त्याआधीच्या नोंदवह्यांत वेलस्ली शोधणारा माणूस रिकाम्या हाताने परततो. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई यांना १८५७ साली बॅरोनेटपद मिळाले, तेव्हा पुढील प्रत्येक धारकाने जमशेटजी जीजीभाई हेच नाव धारण करावे असा कायदा १८६० साली झाला. त्यामुळे त्या घराण्यातही नावावरून पिढी ओळखता येत नाही, क्रमांकावरूनच ओळखावी लागते.

एक वंशावळ मागे मागे नेताना

काम नेहमी आजच्या टोकापासून भूतकाळाकडे करावे. प्रसिद्ध पूर्वजापासून खाली येण्याचा मोह मोठा असतो, पण त्यात आपल्याला हवी ती शाखा जोडून घेण्याचा धोका असतो. विन्स्टन चर्चिल यांची पुरुषरेषा मागे नेऊन पाहू. त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८७४ रोजी ब्लेनहाइम या मार्लबरोच्या ड्यूकच्या प्रासादात झाला. वडील लॉर्ड रँडॉल्फ हे सातव्या ड्यूक ऑफ मार्लबरोचे पुत्र. सातवे सहाव्याचे, सहावे पाचव्याचे, पाचवे चौथ्याचे आणि चौथे तिसऱ्याचे पुत्र. इथपर्यंत बाप-लेकाची सरळ साखळी आहे. वाचकाला वाटेल की तिसरा ड्यूक हा पहिल्याचा नातू असणार आणि तोही पुरुषरेषेने. नातू तो आहे, पण मुलीचा.

पहिले ड्यूक जॉन चर्चिल यांचा मुलगा १७०३ साली केंब्रिजमध्ये देवीच्या रोगाने वारला. राणी ॲनच्या या सेनापतीचा किताब बुडू नये म्हणून १७०६ साली संसदेने खास कायदा करून तो मुलींकडे आणि त्यांच्या वंशाकडे जाण्याची सोय केली. त्याप्रमाणे १७२२ साली थोरली मुलगी हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली. तिचा मुलगा १७३१ सालीच वारला होता. त्यामुळे १७३३ साली ती वारल्यावर किताब धाकटी बहीण ॲन हिच्या मुलाकडे, चार्ल्स स्पेन्सरकडे आला. हाच तिसरा ड्यूक. त्याचे वडील संडरलंडचे तिसरे अर्ल, आडनाव स्पेन्सर. पाचव्या ड्यूकने १८१७ साली राजाच्या परवानगीने स्पेन्सर-चर्चिल असे जोडनाव घेतले, आणि विन्स्टन यांच्या वेळेपर्यंत व्यवहारात ‘चर्चिल’ एवढेच मागे उरले. म्हणजे रक्ताच्या पुरुषरेषेने विन्स्टन चर्चिल हे स्पेन्सर आहेत. तिसऱ्या ड्यूकच्या धाकट्या भावाला ऑलथॉर्पची इस्टेट मिळाली, त्याचा मुलगा १७६५ साली अर्ल स्पेन्सर झाला, आणि डायना त्या शाखेतल्या. डायना आणि विन्स्टन यांचे पुरुषरेषेचे समान पूर्वज संडरलंडचे तिसरे अर्ल ठरतात.

या साखळीचा प्रत्येक दुवा वेगळ्या चिठ्ठीवर लिहावा आणि त्या दुव्याला पुरावा कोणता हे तिथेच नोंदवावे. ‘अमुक हा तमुकचा मुलगा’ या एका वाक्याला किमान दोन स्वतंत्र आधार असावेत, आणि त्यांतला एक तरी त्या घटनेच्या काळातला असावा. एकाच जुन्या पुस्तकावरून उतरवलेली दहा संकेतस्थळे हा एकच आधार होय.

कागदपत्रे, काळाच्या उलट्या क्रमाने

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. तिच्या सूची ऑनलाइन मोफत पाहता येतात, आणि जनरल रजिस्टर ऑफिसच्या नव्या सूचीत अगदी सुरुवातीपासूनच्या जन्मांपुढे आईचे माहेरचे आडनाव दिलेले आहे, जे फार मोलाचे ठरते. शिरगणती १८४१ ते १९२१ पर्यंत दर दहा वर्षांची उपलब्ध आहे. घरप्रमुखाशी असलेले नाते १८५१ पासून लिहिले जाऊ लागले. १९३१ ची इंग्लंड व वेल्सची पत्रके आगीत जळाली. उमराव कुटुंबाचे लंडनमध्ये एक आणि गावाकडे एक अशी घरे असत, तेव्हा शिरगणतीच्या रात्री मालक एकीकडे आणि मुले दाईसह दुसरीकडे सापडतात. दोन्ही ठिकाणे शोधल्याशिवाय मूल नव्हतेच असा निष्कर्ष काढू नये.

१८३७ च्या आधी पॅरिश चर्चच्या, म्हणजे त्या त्या गाव-वस्तीच्या स्थानिक चर्चच्या, नोंदवह्या हा मुख्य आधार. थॉमस क्रॉमवेलच्या आदेशाने त्या १५३८ साली सुरू झाल्या, पण सुरुवातीच्या काळातल्या सर्वच टिकल्या नाहीत. १५९८ पासून त्यांच्या वार्षिक नकला बिशपकडे पाठवल्या जाऊ लागल्या, म्हणून मूळ वही हरवली असेल तर नक्कल मागावी. त्यांत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी असतात, जन्म व मृत्यूच्या नव्हेत. तारखा उतरवून घेताना हा भेद पाळावा. उमरावांची लग्ने पुष्कळदा परवान्याने, लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअरमधल्या सेंट जॉर्जसारख्या चर्चमध्ये किंवा घरीच होत, आणि दफन मात्र गावच्या चर्चमधल्या घराण्याच्या तळघरात होई. ऑलथॉर्पच्या स्पेन्सर घराण्याची स्मारके ग्रेट ब्रिंग्टनच्या चर्चमध्ये आहेत. तिथल्या शिलालेखांवर नाती कोरलेली असतात, पण असे लेख कधीकधी पुष्कळ वर्षांनी कोरले गेलेले असतात, हे ध्यानात ठेवावे.

श्रीमंत घराण्यांच्या बाबतीत मृत्युपत्र हा सर्वांत बोलका कागद आहे, आणि मी स्वतः त्याच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवावा असे सांगेन. १८५८ पर्यंत मृत्युपत्रे चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. मोठ्या लोकांची बहुतेक कँटरबरीच्या प्रेरॉगेटिव्ह कोर्टात, ज्याची १३८४ पासूनची दप्तरे लंडनमधल्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत आणि घरबसल्या मागवता येतात. त्यात धाकटे मुलगे, अविवाहित मुली, जावई, भाचे, जुने नोकर असे सगळे भेटतात. थोरला मुलगाच अनेकदा भेटत नाही. जमीन लग्नाच्या वेळच्या करारानेच त्याच्या नावे बांधलेली असल्यामुळे बापाला मृत्युपत्रात त्याला काही देण्याची गरज नसे. त्याचे नाव नाही म्हणून तो आधीच वारला किंवा बापाशी बिनसले होते, असे अनुमान काढू नये, विवाहकरार शोधावा. असे करार घराण्याच्या दप्तरात असतात, आणि ती दप्तरे कुठे आहेत हे नॅशनल आर्काइव्हजच्या सूचीत दाखवलेले असते. ब्लेनहाइम आणि ऑलथॉर्प या दोन्ही घराण्यांचे फार मोठे दप्तर ब्रिटिश लायब्ररीत आहे, तर चॅट्सवर्थचे चॅट्सवर्थलाच आहे.

याखेरीज १६६५ पासूनच्या लंडन गॅझेटमध्ये नव्या पदांच्या आणि आडनाव बदलांच्या सूचना येतात, आणि खासदार राहिलेल्या पुरुषांची तपशीलवार चरित्रे ‘हिस्टरी ऑफ पार्लमेंट’ या मोफत उपलब्ध प्रकल्पात आहेत. १८५७ पूर्वी पूर्ण घटस्फोटासाठी संसदेचा खासगी कायदा लागत असे, त्यामुळे उमरावांचे मोडलेले संसार संसदेच्या कागदांत नोंदले गेले. सोळाव्या शतकाच्या मागे जायचे असेल, तर राजाकडून थेट जमीन धरणारा माणूस मेल्यावर जी चौकशी होई तिचे कागद पाहावेत. त्यात मृत्यूची तारीख, जमिनी, वारसाचे नाव आणि त्याचे वय दिलेले असते. ते लॅटिनमध्ये आहेत, पण बऱ्याच चौकश्यांचे इंग्रजी सारांश छापलेले आहेत.

तारखांबाबत एक सावधगिरी. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ चा मानतो, तो तेव्हाच्या कागदांत १६४८ चा आहे. जानेवारी ते २४ मार्च या काळातली प्रत्येक तारीख १६४८/४९ अशी दुहेरी लिहावी. नाहीतर मार्च १६४८ मध्ये बाप्तिस्मा झालेले मूल मे १६४८ मध्ये लग्न झालेल्या जोडप्याचे लग्नाआधीचे अपत्य ठरते, आणि कुणावर तरी विनाकारण कलंक लागतो. नात्यांचे शब्दही तपासावेत: जुन्या इंग्रजीत ‘कझिन’ कोणत्याही दूरच्या नातेवाइकाला म्हणत, ‘सन-इन-लॉ’ हा सावत्र मुलगाही असू शकतो, आणि लॅटिन ‘नेपोस’ हा नातूही असतो व पुतण्याही.

छापील वंशावळींवर किती विसंबावे

सुरुवात छापील ग्रंथांपासून करायला हरकत नाही. डेब्रेट यांची उमरावसूची १८०२ पासून आणि बर्क यांची १८२६ पासून निघत आली. बर्कमध्ये धाकट्या शाखा विस्ताराने मिळतात, पण जुन्या आवृत्त्यांतली माहिती बरीचशी घराण्यांनीच पुरवलेली आहे, आणि आपल्या मूळ पुरुषाबद्दल घराण्याने पुरवलेली माहिती ही हितसंबंधी साक्षीदाराची साक्ष असते. जॉर्ज एडवर्ड कोकेन यांनी १८८७ ते १८९८ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध केलेली ‘कम्प्लीट पीअरेज’ आणि तिची १९१० ते १९५९ या काळातली सुधारित आवृत्ती अधिक भरवशाची आहे, कारण तिच्यात जवळजवळ प्रत्येक विधानाला पुरावा दिलेला आहे. तिची मर्यादा एवढीच की ती किताबाच्या धारकांची कथा सांगते. धाकट्या भावंडांसाठी पुन्हा मूळ कागदांकडे जावे लागते.

खोटी वंशावळ कशी जन्माला येते हे स्पेन्सर घराण्याच्याच उदाहरणाने समजते. हे लोक वॉरिकशरमधले मेंढीपालनावर श्रीमंत झालेले जमीनदार. जॉन स्पेन्सर यांनी १५०८ साली ऑलथॉर्प विकत घेतले. शतकाच्या अखेरीस घराणे उमरावपदाच्या उंबरठ्यावर आले, तेव्हा रिचर्ड ली या कुलचिन्हांची नोंद ठेवणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्याने १५९५ साली त्यांना मध्ययुगातल्या डिस्पेन्सर या सरदार घराण्याशी जोडणारी वंशावळ तयार करून दिली, आणि १६०३ साली घराण्याला बॅरनपद मिळाले. पुढे तीनशे वर्षे ती वंशावळ पुस्तकांतून पुनःपुन्हा छापली गेली. १९०१ साली जे. होरेस राउंड यांनी मूळ कागद तपासून दाखवले की मधल्या पिढ्या वेगवेगळ्या माणसांना एकत्र शिवून रचलेल्या आहेत. घराणे पाचशे वर्षे मोठे आहे, यात शंका नाही. सातशे वर्षांचा दावा मात्र टिकला नाही. आपल्याकडे भाटांच्या पोथ्यांत राजपूत मूळ जोडले जाते तेव्हा जी काळजी आपण घेतो, तीच इथे घ्यावी. लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सचे अधिकारी १५३० ते १६८८ या काळात परगण्यापरगण्यांत फिरून कुलचिन्हांची तपासणी करत आणि घराण्यांनी सांगितलेल्या वंशावळी लिहून घेत. ही टिपणे छापलेली आहेत आणि उपयुक्तही आहेत, पण सांगणाऱ्याच्या आजोबांपर्यंतच त्यांच्यावर विश्वास ठेवावा. त्यामागचे जे काही आहे ते शोधाची दिशा म्हणून वापरावे.

डीएनए तपासणीने या क्षेत्रात नवा साक्षीदार आणला आहे. २०१२ साली लेस्टर येथे सापडलेला सांगाडा तिसऱ्या रिचर्डचा आहे हे ठरवताना त्याच्या बहिणीच्या स्त्रीरेषेतल्या आजच्या वंशजांचा मायटोकाँड्रियल (म्हणजे फक्त आईकडून येणारा) डीएनए जुळला. पुरुषरेषेसाठी ब्यूफर्टच्या पाचव्या ड्यूकचे पाच वंशज तपासले, कारण कागदांनुसार ते राजाच्याच पुरुषरेषेतले होते. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राचा त्यांचा नमुना राजाशी जुळला नाही, आणि पाचांपैकी एकाचा तर उरलेल्या चौघांशीही जुळला नाही. २०१४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कागदावर निर्दोष असलेल्या वंशावळीत कुठेतरी दोन दुवे तुटलेले होते, आणि पहिला कोणत्या पिढीत तुटला हे त्या तपासणीने सांगता येत नाही. स्टिचिलच्या प्रिंगल घराण्याच्या बॅरोनेटपदाच्या वादात प्रिव्ही कौन्सिलने २०१६ साली डीएनए पुरावा ग्राह्य धरला, त्यामुळे आता हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. जिवंत माणसांची तपासणी करण्यापूर्वी त्यांची लेखी संमती घ्यावी आणि निष्कर्ष त्यांना न विचारता प्रसिद्ध करू नये.

अनौरस संततीचा विषय जुन्या ग्रंथांत झाकला जातो, पण राजांच्या बाबतीत तो उघड आहे. ग्राफ्टन, रिचमंड आणि सेंट ऑल्बन्स ही ड्यूकपदे दुसऱ्या चार्ल्सने आपल्या अनौरस मुलांसाठी निर्माण केली, आणि ती स्वतंत्र सनदेने दिलेली असल्यामुळे त्यांचा पुढचा वारसा पूर्ण कायदेशीर आहे. डायना स्पेन्सर यांच्या पूर्वजांत ग्राफ्टन आणि रिचमंड दोन्ही आहेत.

भारतातले कागद

धाकटी शाखा एकाएकी नाहीशी झाली, तर ती भारतात सापडण्याची शक्यता चांगली असते. मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांतल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत. या संग्रहात बंगालच्या मालिकेला एन-१, मद्रासला एन-२ आणि मुंबईला एन-३ असा क्रमांक आहे, आणि बराचसा भाग ऑनलाइन शोधता येतो. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ या संस्थेची सूची मोफत आहे. मुंबईत राहणाऱ्या अभ्यासकाने फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलच्या भिंती अवश्य वाचाव्यात. १७१८ साली उघडलेल्या या चर्चमध्ये अधिकाऱ्यांचे आणि त्यांच्या कुटुंबीयांचे स्मृतिलेख आहेत, आणि त्यात वडिलांचे नाव, गाव व परगणा दिलेला असेल तर इंग्लंडमधली नेमकी पॅरिश हाती लागते. गावागावांतल्या जुन्या छावणीच्या दफनभूमीत दगड झिजत चालले आहेत. तिथला लेख वाचता येत असेल, तर तिरप्या उन्हात त्याचे छायाचित्र घ्यावे, संपूर्ण मजकूर जशाच्या तशा अक्षरांत उतरवावा, पुसट अक्षरांच्या जागी अंदाज न लिहिता जागा मोकळी सोडावी, आणि कोणत्या तारखेला वाचला ते खाली नोंदवावे.